कोठा, काळीज आणि कूस : वैद्यकी बाडांतील कांहीं शारीर-शब्द

भंडारा जिल्ह्यांतील सानगडी हें साकोली तालुक्यांतील गांव इतिहासप्रेमी वाचकांस सहानगडच्या किल्ल्यामुळें ठाऊक असेल. सनदा-महजरांच्या शोधार्थ निघालेल्या संग्राहकाच्या हातीं अशा गांवीं पुष्कळदां औषधांचें एखादें बाड येतें, आणि बहुधा तें बाजूस ठेविलें जातें. ही उपेक्षा आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु अशीं बाडें लावतांना उदरांतील अवयवांचीं नांवें आजच्या अर्थानें वाचल्यास घोटाळा होतो, म्हणून हें टिपण.

प्रथम ‘कोठा’. भाताच्या या मुलखांत कोठा म्हणजे धान्याची जागा. पोट बिघडलें म्हणजे जड होतो तोही कोठाच. संस्कृत ‘कोष्ठ’ शब्दांत हे दोन्ही अर्थ आहेत. मात्र सुश्रुत चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत आम, अग्नि, पक्व, मूत्र व रुधिर यांच्या स्थानांबरोबर हृदय, उण्डुक व फुप्फुस यांसही कोष्ठांत घालतो. चरकाचीं कोष्ठांगें १५. त्यांत हृदय आहे, गर्भाशय नाहीं. तेव्हां ‘कोठ्यांत वायु’ असें आढळतांच आंतडीं समजणें घाईचें होय.

‘काळीज’ याहून फसवें आहे. अमरकोशांत ‘कालखण्ड’ व ‘यकृत्’ हे पर्यायशब्द आहेत; काळीज मुळांत यकृतच. भावनेचें स्थान म्हणून तो शब्द पुढें हृदयावर गेला. काळजाखालच्या दुखण्यावर औषध दिलें असेल, तर तें उजव्या कुशीचें कीं छातीचें, हें औषधावरूनच ठरवावें लागतें. त्याच कोशांत ‘गुल्म’ हें प्लीहेचें, म्हणजे आपल्या पानथरीचें, नांव आहे. वैद्यकांत गुल्म हा उदरांतील गोळ्याचा रोग. ‘कूस’ ही ‘कुक्षि’पासून आलेली, ती बरगडीखालची बाजूही आहे आणि गर्भाचें घरही.

सुश्रुताचें शारीर केवळ तर्कावर रचलेलें नाहीं. पांचव्या अध्यायांत शव गवत-वल्कलांनीं वेष्टून वाहत्या पाण्यांत पिंजऱ्यांत ठेवावें व सात रात्रींनंतर वाळा, वेळू इत्यादिकांच्या कुंचल्यानें हळूहळू घासून पहावें, असा विधि आहे. पुरुषाचें आंत्र साडेतीन व्याम, स्त्रियांचें अर्धा व्याम कमी, असें माप तेथेंच दिलें आहे. पसरलेल्या दोन हातांचा व्याम साडेपांच फूट धरला तर हें सुमारें १९ फूट होतें. आजचे ग्रंथ लहान आंतडें सुमारें २० फूट व मोठें सुमारें ५ फूट सांगतात. स्त्रियांस गर्भाशय हा आठवा आशय. योनि शंखनाभीप्रमाणें तीन आवर्तांची, तिसऱ्यांत गर्भशय्या, आणि तिचा आकार रोहित माशाच्या मुखासारखा. आमच्या तळ्यांच्या जिल्ह्यांत रोहू कोणास समजावून द्यावा लागत नाहीं! स्थान मात्र पित्ताशय व पक्वाशय यांच्यामध्यें सांगितलें आहे. प्रत्यक्षांत पुढें मूत्राशय व मागें गुद यांच्यामध्यें गर्भाशय असतो.

जेथें दृष्टि पोंचली नाहीं तेथें जुने ग्रंथ उपमेनें काम भागवितात, आणि काल ठरविण्यास हाच भाग उपयोगी पडतो. पाण्यांत बुडविलेला नवा घट जसा बाजूंनीं पाझरून भरतो तशी बस्ति मूत्रानें भरते, असें सुश्रुत म्हणतो. वृक्काचा त्यांत संबंध नाहीं. शार्ङ्गधराच्या मतें वृक्क पोटांतील मेदाचें पोषण करतात. तसेंच शुक्र सर्व देहांत, दुधांत तूप असावें तसें, व्यापलेलें मानलें आहे. वृषण त्या वाहिन्यांचे आधार. म्हणून ज्या पानावर वृक्क रक्त गाळून मूत्र करतात असें स्पष्ट लिहिलें असेल, तें या परंपरेंतील नव्हे. अंडाशयांतून सुटणाऱ्या स्त्रीबीजाचें वर्णन असल्यास तर मर्यादा अधिकच निश्चित होते : सस्तन प्राण्यांचें बीज फॉन बेअरनें १८२७ त प्रसिद्धीस आणिलें, आणि पाश्चात्य शारीर शिकविणारें ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय मुंबईस १८४५ त निघालें. असा मजकूर जुन्या वळणाच्या मोडींत असला, कागद कितीही पिवळा असला, तरी त्यास पेशवाईंतला म्हणतां येणार नाहीं.