प्रेमाची किंमत कोण देतो?

विषय ‘मराठी लघुकथेतील प्रेम’ असा जाहीर झाला आहे आणि बोलायला उभा राहिला आहे तो युनियनचा माणूस! काही मंडळी गालातल्या गालात हसली असतील, तर त्यांचे चुकले नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि गेटसभेत. कथेच्या कलागुणांची चिकित्सा मला जमणार नाही. परंतु हिशेब मला कळतो. म्हणून प्रेमाची कोणतीही गोष्ट वाचताना मी एकच प्रश्न विचारतो : या प्रेमाची किंमत कोण देतो?

हा प्रश्न मला मुळशीच्या मातीने शिकवला. टाटांच्या धरणाविरुद्ध येथे १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास सोसला, हे आपण सर्व जाणता. जमिनीचे पैसे मिळणार होते. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांच्यातल्या अनेकांना तो सौदा पटला. कसणाऱ्या मावळ्याला पटला नाही. ‘माझे या मातीवर प्रेम आहे’ असे वाक्य त्याने कधी उच्चारले नसेल. आपल्याकडे हा शब्द तोंडात येतच नाही. आपण म्हणतो, माया केली, जीव लावला. सत्याग्रह १९२४ पर्यंत टिकला आणि अखेर हरला. धरण उभे राहिले. पण एक माप मागे राहिले. कोण काय बोलला याने माया मोजायची नाही; तिच्यासाठी कोण काय गमावायला तयार झाला, याने मोजायची.

हेच माप आता कथेला लावून पाहू.

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र काढले आणि पांढरपेशा घरांतली सुखदुःखे गोष्टीत आणली. पण त्याच आपट्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा लिहिली. घरात दाणा नसला म्हणजे मायेचे काय होते, हा प्रश्न मराठी कथेने इतक्या लवकर विचारला होता, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

पुढे ना. सी. फडके यांचा जमाना आला. त्यांच्या प्रेमकथांतले तरुण-तरुणी बहुधा शिकलेले, खाऊनपिऊन सुखी. त्यांच्या वाटेत गैरसमज येतात, वडीलधाऱ्यांचा विरोध येतो. महिनाअखेर सहसा येत नाही. मी त्यांना दोष देत नाही. आपल्या मनाने जोडीदार निवडावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. पण किंमतीचा रकाना तेथे बराचसा कोराच राहिला.

तो भरला एका बाईने. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले. लेखिकेचे नाव छापले होते विभावरी शिरूरकर. खऱ्या मालतीबाई बेडेकर. या कथांनी मोठी खळबळ उडाली. शिकलेली मुलगी नोकरी करते, तिच्या पगारावर घर चालते, आणि मग तिच्या लग्नाची घाई घरात कोणालाच उरत नाही, हे या बाईंनी उघड सांगितले. आईबापांची माया खोटी नसते; पण त्या मायेत पगाराचा वाटा केव्हा मिसळला, हे त्यांचे त्यांनाही कळत नाही. ही किंमत मुलगी मुकाट्याने देते.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा मुंबईजवळ खाणीत काम करतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लाडकी लेक. तो स्मशानातल्या राखेत सोने शोधू लागतो. बायकोला हे काम रुचत नाही. पण भीमाच्या लेखी चूल पेटली पाहिजे, हीच माया. शेवटी त्या नादात त्याची बोटे जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा हा पहाडासारखा गडी लहान मुलासारखा रडतो. या कथेला प्रेमकथा कोणी म्हणत नाही. मी म्हणतो.

बाबुराव बागुलांनी तर पुढचाच प्रश्न विचारला. त्यांच्या ‘आई’ या कथेत मजुरी करणारी विधवा आहे, शाळकरी मुलगा आहे आणि कामावरचा मुकादम आहे. मुलाला आई हवी ती कवितेतल्यासारखी. पण बाईला स्वतःचा जीव आहे, ओढ आहे, हे ना वस्ती मानते, ना पोरगा. मुकादमाच्या हातात रोजंदारी असते, हे मी तीस वर्षे पाहतो आहे. अशा ठिकाणी ओढ किती आणि नाइलाज किती, हे कोण सांगणार? बागूल निकाल देत नाहीत. ते आपल्यालाच कठड्यात उभे करतात.

मी त्या कठड्यात उभा राहिलो आहे. एका कारखान्यात संप चालू होता. तिसऱ्या आठवड्यात आमचा एक गडी कामावर गेला. मी गेटवर सर्वांसमक्ष त्याला गद्दार म्हटले. पुढे बऱ्याच दिवसांनी भीमाची कथा वाचनात आली आणि झोप लागेना. मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला. त्या वेळी त्याची मुलगी इस्पितळात होती. तो एवढेच म्हणाला, “भाऊ, तुम्ही विचारलं नाही.”

त्याचे जाणे बरोबर होते, असे मी आजही म्हणणार नाही. एकाच्या मायेची किंमत मग बाकीच्या घरांनी द्यायची का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. पण न विचारणे ही माझी चूक होती. तेव्हापासून संपाची नोटीस देण्यापूर्वी आम्ही घरोघरची यादी करतो : कोण आजारी आहे, कोणाचे बाळंतपण आहे, कोणाचा हप्ता थकला आहे. संपाच्या फंडातला पहिला पैसा त्या घरांत जातो.

कथा वाचून संप जिंकता येत नाहीत, हे खरे. पण शेजारच्या घरात कोण कोणासाठी काय सोसतो आहे, हे विचारण्याची सवय लागते. ती मला लागायला फार उशीर झाला. तरुण मित्रहो, तुम्ही उशीर करू नका. वाचनालय जवळच आहे.