सांडपाण्यातून निघालेला व्हॅनिला

केकमध्ये थेंबभर घालतो त्या व्हॅनिला इसेन्सचं कूळ शोधायला निघालं, तर मेक्सिकोतल्या ऑर्किडच्या वेलापर्यंत आपण बहुधा पोचतच नाही. त्या कुळाची एक शाखा तर थेट कागद गिरणीच्या गटारातून आलेली आहे.

१८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनज्ञांनी व्हॅनिलाला त्याचा वास देणारं व्हॅनिलिन कृत्रिमरीत्या बनवलं. कच्चा माल होता सूचिपर्णी झाडांच्या सालीखालच्या रसातलं कोनिफेरिन. हारमाननं होल्झमिंडनला कारखानाही थाटला. पण झाड सोलून रस खरवडण्याचा धंदा परवडणार किती दिवस?

त्याच दशकात स्वीडनमध्ये सल्फाइट पद्धतीच्या लगद्याचा कारखाना सुरू झाला. लाकडाचे तुकडे आम्लात शिजवले की सेल्युलोजचे तंतू मागे राहतात आणि त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारं लिग्निन तपकिरी पाण्यात विरघळून जातं. सूचिपर्णी लाकडात सुमारे पाव हिस्सा लिग्निनच असतं. गिरण्यांनी ते पाणी खुशाल नदीत सोडलं. पाण्यातला प्राणवायू संपे, मासे मरत, आणि काठावरचे लोक ओरडत.

ही ब्याद विकता येईल का, हा प्रश्न अमेरिकेत आणि कॅनडात गंभीरपणे घेतला गेला. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या रॉथ्सचाइल्ड इथे आणि ओंटारिओतल्या कॉर्नवॉल इथे या सांडपाण्यातून व्हॅनिलिन निघू लागलं. कृती ऐकायला सोपी आहे: द्रावणात अल्कली घालायची, दाबाखाली दीडशे अंशांच्या वर तापवायचं आणि हवा सोडायची. लिग्निनचा अवाढव्य रेणू फुटतो आणि त्यातला थोडासा भाग व्हॅनिलिन होऊन बाहेर पडतो. तांब्याचा उत्प्रेरक टाकला की हेच काम नेमकेपणानं होतं. झाड मात्र स्प्रूससारखं सूचिपर्णीच हवं. रुंद पानांच्या झाडांच्या लिग्निनमधून व्हॅनिलिनबरोबर सिरिंगाल्डिहाइडही निघतं आणि वेगळं करण्याची कटकट वाढते.

१९८१ मध्ये ओंटारिओतल्या थोरल्डची एकटी गिरणी जगातलं सुमारे ६० टक्के कृत्रिम व्हॅनिलिन पुरवत होती. १९८७ मध्ये ते उत्पादन थांबलं. किलोभर व्हॅनिलिनमागे १६० किलोंहून अधिक अल्कलीयुक्त सांडपाणी निघत होतं! घाण निस्तरण्यासाठी काढलेला माल स्वतःच घाण करू लागला, यापेक्षा क्रूर विनोद रसायनशास्त्रात क्वचितच घडला असेल. तोवर खनिज तेलापासून मिळणाऱ्या ग्वायकॉलचा स्वस्त रस्ता खुला झाला होता. आजही बाजारातलं बहुतेक व्हॅनिलिन त्याच रस्त्यानं येतं.

लिग्निनवर काम करणाऱ्यांची पुढची पिढी अधिक चतुर आहे. २०२० मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या बर्ट सेल्स यांच्या गटानं उत्प्रेरक वापरून बर्चच्या लाकडातल्या लिग्निनपासून फिनॉल आणि प्रोपिलीन मिळवून दाखवलं. लिग्निन आधी बिघडू द्यायचं आणि मग सावरायचं, यापेक्षा लाकूड फोडतानाच ते उत्प्रेरकाच्या ताब्यात द्यायचं, हा त्यातला डाव.

लिग्निनपासून काहीही बनवता येतं, फक्त पैसा तेवढा बनत नाही, अशी या धंद्यात जुनी थट्टा आहे. नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गच्या बोरेगार्ड कारखान्यानं ती खोटी ठरवली. १९६२ पासून तिथे स्प्रूसपासून व्हॅनिलिन बनतं, पण कारखाना त्या एका मालावर विसंबून नाही. त्याच लाकडातून तो सेल्युलोज, इथेनॉल आणि लिग्नोसल्फोनेटही विकतो, म्हणूनच तो टिकला.