तालकटोऱ्याचा डाव: एकाविरुद्ध अनेकांच्या खेळात कोणाला निवडावं?



दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या पलीकडे तालकटोरा नावाची जागा आहे. आज तिथे बाग आहे आणि एक इनडोअर स्टेडियम आहे. २९ जानेवारी २०१९ रोजी याच स्टेडियममध्ये 'परीक्षा पे चर्चा' झाली. एका आईने पंतप्रधानांकडे तक्रार केली, की मुलगा ऑनलाइन खेळांत गुंतलाय आणि अभ्यास मागे पडतोय. हा पब्जीवाला आहे का, असं पंतप्रधानांनी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला.

त्याच्या २८२ वर्षं आधी, १७३७ च्या रामनवमीच्या सुमारास, याच परिसरात मराठ्यांची छावणी पडली होती. थोरले बाजीराव स्वतः तिथे होते. ते एक फार मोठा डाव खेळत होते, आणि त्या डावाचे नियम आजच्या मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतील असं मला वाटतं.

तरुण श्रोत्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो: सर, डेड बाय डेलाइटसारख्या भयखेळात सगळ्यात चांगलं पात्र कोणतं? प्रश्न फौजी माणसाला विचारलाय, तेव्हा उत्तरही फौजी पद्धतीने देतो. आधी मैदान पाहू, मग माणसं निवडू.

हा खेळ कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या बिहेवियर इंटरॅक्टिव्ह या कंपनीने जून २०१६ मध्ये आणला. पब्जीत सगळे खेळाडू सारख्याच बळाचे असतात. इथे तसं नाही. एका बाजूला एकच शिकारी, दुसऱ्या बाजूला जीव वाचवणारे चौघे. चौघांकडे हत्यार नाही. मैदानावर सात जनित्रं असतात. त्यांतली पाच दुरुस्त झाली की बाहेरच्या फाटकांना वीज मिळते आणि पळता येतं. शिकारी ज्याला पकडतो त्याला आकड्यावर टांगतो. साथीदार येऊन त्याला सोडवू शकतो, पण तिसऱ्यांदा टांगला गेला की तो संपला. याला विषम डाव म्हणतात.

हे ऐकून काही आठवलं का? आपल्या अंगणातला विषामृत! ज्याच्यावर राज्य तो धावतो, शिवतो आणि 'विष' म्हणतो; शिवलेला जागच्या जागी थिजतो. मग दुसरा गडी जीव मुठीत धरून येतो, 'अमृत' म्हणतो आणि तो सुटतो. दिल्लीच्या गल्ल्यांत हाच खेळ बर्फ-पानी या नावाने चालतो. मॉन्ट्रियलच्या मंडळींनी त्यावर अंधार, धुकं आणि रक्त चढवलं, एवढंच.

बैठ्या खेळांतही हा प्रकार जुना आहे. आपला वाघ-बकरी घ्या. नेपाळात त्याला बाघचाल म्हणतात. चार वाघ, वीस बकऱ्या. तामिळ मुलखात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा पट खेळतात. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो, पण बकरीच्या पाठीमागचं घर रिकामं असेल तरच. पाठीशी दुसरी बकरी उभी असेल, तर वाघाला काहीच करता येत नाही. बकऱ्या वाघाला मारू शकत नाहीत; त्यांनी फक्त त्याची वाट अडवायची. एकट्या बकरीची किंमत शून्य, आणि जोडीने उभ्या राहिलेल्या दोघींची किंमत वाघाएवढी. विषम डावाचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं.

आता निवडीकडे वळू.

शिकारी एकटा असतो. त्याचं पात्र हीच त्याची सगळी फौज. म्हणून तिथे पात्राच्या शक्तीला महत्त्व आहे, हे मान्यच करायला हवं. मुलं 'टिअर लिस्ट' नावाची क्रमवारी मांडतात. त्यात नर्स हे पात्र वर्षानुवर्षं वरच्या ओळीत दिसतं. गंमत अशी, की चालण्यात ती वाचणाऱ्यांपेक्षाही मंद आहे. वाचणारा सेकंदाला चार मीटर पळतो, बहुतेक शिकारी ४.६ मीटर, नर्स फक्त ३.८५. पण ती एका झेपेत भिंतीच्या आरपार जाते. खिडक्या, आडव्या टाकलेल्या फळ्या, म्हणजे वाचणाऱ्यांचा सगळा आधार, तिच्यापुढे निकामी होतो. मात्र झेपेनंतर ती काही क्षण धापा टाकत राहते. नवख्या हातात ती चुकतच राहते. त्याउलट सापळे लावणारा ट्रॅपर क्रमवारीत खाली असतो, पण नवख्याला मैदान वाचायला शिकवतो. माणूस कुठून पळेल याचा अंदाज बांधायचा आणि तिथे सापळा लावायचा.

म्हणजे शिकाऱ्याच्या बाजूने नियम असा: समोरच्याचा मुख्य आधार काढून घेणारं पात्र सर्वात बलवान, पण तुमच्या हाताला बसणारं पात्र सर्वात उपयोगी. रणगाडा उत्तम असला, तरी चालवणारा तयार नसेल तर त्याला पुढे काढत नाहीत.

वाचणाऱ्यांच्या बाजूला हिशेब वेगळा आहे. सगळे सारख्याच वेगाने पळतात. पात्रांत फरक असतो तो त्यांच्याबरोबर येणाऱ्या गुणांचा, ज्यांना खेळात पर्क म्हणतात. प्रत्येक पात्र स्वतःचे तीन गुण घेऊन येतं. पात्राला पुरेसं वाढवलं की ते गुण इतरांनाही देता येतात, आणि डावात प्रत्येकाला चारच गुण नेता येतात. पहिल्या दिवसापासूनचे चौघे पाहा. मेग क्षणात वेग घेऊन निसटते. क्लॉडेट मलमपट्टीत तरबेज. जेक जखमी झाला तरी आवाज दाबून ठेवतो आणि आकडे मोडतो. ड्वाइट? तो पाहायला सगळ्यात घाबरट, पण जवळचे साथीदार कुठे आहेत ते त्याला दिसतं, आणि त्याच्यामुळे सगळ्यांचं काम वेगाने होतं.

यांत श्रेष्ठ कोण? प्रश्नच चुकीचा आहे. चार मेग घेतल्या तर चौघीही पळतील आणि जनित्र एकही चालू होणार नाही. एका माणसाला एक जनित्र दुरुस्त करायला ९० सेकंद लागतात. शिकारी एकाच्या मागे ९० सेकंद धावत राहिला आणि उरलेले तिघे तीन वेगळ्या जनित्रांवर बसले, तर तीन कामं पुरी झाली. चौघेही गवतात लपून राहिले, तर शून्य. मलमपट्टीचंही तसंच. स्वतःची जखम स्वतः बांधण्याचा क्लॉडेटचा गुण नवख्यांना फार मोहवतो. पण जोडीदाराने बांधली तर ती निम्म्याहून कमी वेळात बांधून होते. खेळच सांगतोय, की बाबा रे, दुसऱ्याकडे जा.

आता १७३७ कडे परत जाऊ.

त्या वर्षी शिकारी होते बादशाह मुहम्मदशाहाचे सरदार. अवधचा सादतखान, मीरबक्षी खान दौरान, महंमदखान बंगश. एकेकाची फौज मोठी. मल्हारराव होळकर यमुना ओलांडून दुआबात उतरले होते. तिथे सादतखानाने त्यांना गाठलं आणि मराठ्यांचा पराभव केला. सादतखानाने दिल्लीला कळवलं, की मराठे पार चंबळेपलीकडे पळाले. मग हे सरदार आग्रा-मथुरेकडे एकत्र आले. विषम डावात शिकाऱ्याची सर्वात मोठी चूक कोणती? सगळं बळ एका जागी गोळा करणं आणि उरलेलं मैदान मोकळं सोडणं.

बाजीरावांनी त्या फौजांशी लढायचं टाळलं. जड सामान बुंदेलखंडाकडे पाठवून ते सडे झाले आणि मोगल फौजांना बगल देऊन थेट दिल्लीवर आले. कालकादेवीच्या देवळाजवळ, म्हणजे आजच्या नेहरू प्लेसच्या बाजूला, मराठे अचानक दिसले तेव्हा तिथे जत्रा भरली होती. चंबळेपलीकडे पळालेले मराठे राजधानीच्या दारात! त्यांचं जनित्र मथुरेत नव्हतंच, ते दिल्लीत होतं. सादतखान खोटं बोलला हे बादशाहाला दाखवायचं, एवढंच काम होतं. शहर जाळण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. तसं केलं तर राजकारणाचा धागाच तुटेल, असा त्यांचा हिशेब चिमाजीअप्पांना लिहिलेल्या पत्रात दिसतो. छावणी शहरापासून मागे घेऊन ते झील तलावावर गेले. इतिहासकार ती जागा तालकटोऱ्याच्या परिसरात मानतात.

मागे सरले म्हणजे घाबरले, असं समजून मीर हसन कोका वगैरे सरदार फौज घेऊन बाहेर पडले. तेव्हा बाजीरावांनी त्यांच्यावर कोणाला सोडलं? राणोजी शिंदे, पवार, आणि मल्हारराव होळकर. थोड्याच दिवसांपूर्वी हरलेले मल्हारराव! क्रमवारी लावणाऱ्याने त्यांना खालच्या ओळीत टाकलं असतं. बाजीरावांनी मागचा निकाल पाहिला नाही, समोरचं काम पाहिलं. मोकळं मैदान, हलके घोडेस्वार, बेसावध शत्रू. हे काम मल्हाररावांचंच होतं. बादशाही फौजेचा मोड झाला. पाठोपाठ वजीर कमरुद्दीनखान आला, इतर फौजाही दिल्लीकडे वळल्या. तोवर मराठ्यांचं काम झालं होतं, फाटक उघडलं होतं. ते रेवाडी, कोटपुतळीच्या वाटेने निघून गेले.

एक गोष्ट स्पष्ट करतो. दुआबातला पराभव हा ठरवून दिलेला चकवा नव्हता. माणसं खरोखर पडली. पण त्या पराभवाने शिकाऱ्याचं तोंड जिकडे वळलं, त्याचा उपयोग करून घेणं हे सेनापतीचं काम होतं.

दुसरं उदाहरण आग्र्याचं, १६६६ चं. औरंगजेबाच्या पहाऱ्यात अडकलेल्या शिवाजी महाराजांनी आधी काय केलं? आपली बरीचशी माणसं परत पाठवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळवली. बादशाहाला वाटलं, हा एकटा पडतोय. खरं तर ते संघ छोटा आणि नेमका करत होते. १७ ऑगस्टला ते निसटले. बखरींच्या परंपरेत त्यांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपले होते. तिथे तलवारबहाद्दराची गरजच नव्हती. न हलता पडून राहणारा, मरणाची तयारी ठेवणारा माणूस हवा होता. कोणत्याही क्रमवारीत 'झोपून राहणं' हा गुण सापडायचा नाही.

नोकरीत असताना मीही लहान गस्ती पाठवल्या आहेत. तेव्हा आम्ही कंपनीतले सर्वात दणकट सहा जण कधी निवडले नाहीत. पुढे चालणारा डोळस स्काउट, एलएमजीवाला, वायरलेसवाला, मलमपट्टी जाणणारा, वाट ठाऊक असलेला, असे निवडले. आणि प्रत्येक नावापुढे मनात एक प्रश्न विचारला: शेजारचा पडला तर हा थांबेल का? ज्याचं उत्तर 'हो' नव्हतं, तो कितीही जोरात पळणारा असला तरी मागे राहिला.

म्हणून तरुण मित्रांनो, माझं उत्तर असं. एकटे शिकारी असाल, तर हाताला बसेल ती शक्ती घ्या आणि महिनाभर तिच्याशीच झटा. चौघांत असाल, तर आधी बाकीच्या तिघांकडे काय आहे ते विचारा आणि जे नाही ते तुम्ही आणा. एकजण शिकाऱ्याला फिरवणारा, दोघे काम उरकणारे, एक सोडवायला जाणारा. यादी अद्ययावत होते तेव्हा वरची नावं खाली जातात. ही विभागणी बदलत नाही.

आणि आईवडिलांना दोन शब्द. हा खेळ मोठ्यांसाठी आहे. अमेरिकेत सतरा, युरोपात अठरा वर्षांवरची वर्गवारी त्याला आहे. लहान मुलाच्या हातात तो देऊ नका. पण घरातला वीस वर्षांचा मुलगा खेळत असेल, तर 'किती वेळ खेळतोस' याच्याबरोबर आणखी एक विचारा: आकड्यावर कोणी टांगलेला असताना तू काय करतोस? माझा नातू गुरुग्रामला इंजिनिअरिंग करतो. त्याला हे विचारलं तेव्हा त्याने मान वर न करता सांगितलं, "आजोबा, फाटक उघडं असलं तरी मी आधी परत जातो. मग कधी कधी दोघंही मरतो."

मी त्याला शाबासकी दिली, आणि वेळ पाहून जात जा असंही सांगितलं. परत जायचं हे मनाने ठरवायचं, केव्हा जायचं हे डोक्याने.