कारवारच्या साहेबांचे सुरवंट

कडीपत्त्याच्या पानावर चिमणीनं शिटल्यासारखा दिसणारा बारका किडा आपल्या सगळ्याजणींच्या पाहण्यातला आहे. पुढं तोच हिरवागार होतो, आणि काडीनं डिवचलं तर डोक्यामागून लाल बेचकी बाहेर काढून घाण वास सोडतो. शेजारणी म्हणतात, औषध मार, नाहीतर फोडणीला पान उरायचं नाही. महिनाभर थांबलं तर त्याचं काळं, पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्याचं फुलपाखरू होतं. इंग्रजीत त्याला ‘कॉमन मॉर्मन’ म्हणतात.

कुठला सुरवंट कुठल्या झाडावर वाढतो, हे आपल्या या पट्ट्यात चिकाटीनं लिहून ठेवलं ते तीन गोऱ्या अंमलदारांनी. घाट उतरलं की कारवार. तेव्हा तो उत्तर कॅनरा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. डेव्हिडसन कलेक्टर, बेल जंगलखात्यात आणि एटकिन कस्टम व मीठखात्यात. हा एटकिन जन्मानं सातारचा, १८५१ सालचा. १८८३ मध्ये मुंबईत ज्या आठ जणांनी निसर्ग इतिहास मंडळी काढली, त्यांतला एक. (फुलपाखरांचे नरही ओल्या मातीतले क्षार शोषायला जमतात; म्हणजे खातं बरोबर मिळालं होतं!) तिघांनी मिळून जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लिहिलं ते १८९६ च्या सुमारास, त्याच मंडळीच्या नियतकालिकात.

त्यांची पद्धत साधी होती. मादी कुठं अंडं घालते ते बघायचं, पान घरी आणायचं, रोज ताजा पाला द्यायचा, घाण काढायची आणि वाट बघायची. मला तर हे वाचून बाळंतिणीची खोलीच आठवली. असली कामं बायका जन्मभर करतात, फक्त त्याची टिपणं कोणी ठेवत नाही.

मॉर्मनची गंमत तर ऐकाच. याच्या माद्या एकसारख्या नसतात. काही नरासारख्या, तर काहींच्या पंखांवर लाल खुणा, अगदी ‘कॉमन रोझ’ या दुसऱ्या जातीसारख्या. रोझ ईश्वरीच्या वेलीवर वाढतं, त्यामुळं विषारी. पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि ही त्याचं सोंग घेऊन वाचते. या सगळ्या एकाच जातीच्या माद्या, हे वॉलेसनं १८६५ च्या सुमारास दाखवून दिलं. नावाची गोष्ट अशी सांगतात, की अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात पुरुषांना अनेक बायका असत, म्हणून हे नाव. माद्यांनी जीव वाचवायला रूपं घेतली आणि नाव मिळालं नवऱ्याच्या बायका मोजून!

एक गोष्ट मला खटकतेच. इतक्या मायेनं वाढवलेल्यांतली कितीतरी फुलपाखरं शेवटी टाचणीला गेली. चतुरिंद्रिय जीव तो. त्यांच्या काळात अभ्यासाची तीच रीत होती, हे समजतं. पण मन घेत नाही. त्यांचं ज्ञान मी घेते, टाचणी घेत नाही.

आमच्याकडं चातुर्मासात पालेभाजी बंदच असते, तेव्हा त्या चार महिन्यांत कडीपत्त्यालाही हात लावायचा नाही, असं सासूबाईंनीच ठरवून टाकलं. लिंबाचं एक रोप वाढवलंय, कुंपणाजवळ उगवलेली रुई उपटायची नाही असं माळ्याला सांगितलंय; तिच्यावर ‘प्लेन टायगर’ अंडी घालतं. ईश्वरीचा वेल मात्र अजून मिळालेला नाही. खानापूरकडच्या आमच्या एका वन्संनी पाऊस लागला की फांदी पाठवते म्हटलंय.