वस्तऱ्यामागचा पट्टा

वस्तऱ्याच्या धारेला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या वाटेला तिचीच उपमा दिली. बृहदारण्यकात म्यानात दडलेल्या वस्तऱ्याचा दृष्टांत येतो. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्षूंना जवळ बाळगायला परवानगी दिलेल्या वस्तूंची यादी आहे. तिच्यात वस्तरा, त्याचा दगड, त्याचे म्यान आणि नमद्याचा तुकडा अशी नावे सापडतात. ज्या उपालीने पुढे विनयाचे पाठांतर सांभाळले, तो स्वतः शाक्यांचा न्हावी होता. संत सेना महाराजांनी तर आपल्या धंद्यालाच अभंगात बसवले. विवेकाचा आरसा, वैराग्याचा चिमटा, शांतीचे पाणी, सगळे त्यात आहे. गंमत अशी की या कोणत्याच ठिकाणी चामड्याचा पट्टा नाही. दगडावर लावलेली धार ज्याच्याशिवाय गालावर चालत नाही, तो पट्टा या सर्वांच्या नजरेतून निसटला, किंवा निसटू दिला गेला.

त्या पट्ट्याचा माग मी गेली काही वर्षे अमरावती आणि अकोला या दोन शहरांत काढतो आहे. वऱ्हाडात न्हाव्याला म्हाली म्हणतात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात मध्य प्रांत व वऱ्हाड मिळून या जातीची संख्या १९११ साली १ लाख ९० हजारांच्या जवळपास दिली आहे. त्यातले बहुतेक गावगाड्यातले बलुतेदार. खळ्यावरच्या धान्यावर त्यांचे वर्ष निघे. हजामतीखेरीज तुंबड्या लावणे, नखे काढणे, लग्नात मिरवणे, सांगावा पोचवणे ही कामेही त्यांचीच. भिंतीला तुंबड्या लावणाऱ्या रिकाम्या न्हाव्याची म्हण आपण हसत वापरतो, पण ती धोकटीत काय काय असे याचा पुरावाही आहे. धोकटीतल्या बाकीच्या वस्तूंना स्वतंत्र नावे आहेत. या वस्तूला मात्र मी भेटलेले बहुतेक कारागीर नुसते ‘पट्टा’ म्हणत.

पट्टा धार लावतो, हा सर्वसाधारण समज. तो अर्धाच खरा आहे. धार लावतो दगड. दगडावर वस्तरा धारेकडून पुढे सरकतो आणि पोलाद झिजते. चामड्यावर तो उलटा चालतो. पाठ पुढे, धार मागे. झीज जवळजवळ नसते. काठावरचे सूक्ष्म वाकडेपण सरळ होते, खरखर मोडते. टोकाला आल्यावर वस्तरा पाठीवर फिरवून परत आणायचा असतो. धारेवर फिरवला की चामडे कापले जाते, आणि शिकाऊ पोराच्या हातून ते व्हायचेच. या क्रियेला मराठीत नेमका शब्द आहे, परजणे. आज तो तलवारीपुरता उरला आणि त्याचा अर्थही नुसते उगारणे इतका झाला. न्हाव्याच्या दुकानात मात्र परजणे हे रोजचे, हिशेबाचे काम होते. दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, तरी तो धार बिघडवतो. हे कसे घडते ते अमेरिकेतल्या एमआयटीच्या धातुशास्त्रज्ञांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस वाकून धारेला तिरका भिडला की काठाचे बारीक कण निखळतात. म्हाल्याला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. प्रत्येक गिऱ्हाइकाआधी वस्तरा परजायचा, एवढे त्याला ठाऊक होते.

फिरत्या म्हाल्याजवळ पट्टा असेलच असे नाही. त्याच्यापाशी तळहात होता, फार तर चामड्याची धोकटीच होती. तळहाताची कातडी वर्षानुवर्षे वस्तरा खाऊन राठ आणि गुळगुळीत होते. मी पाहिलेल्या एका अशा हाताचा अंगठ्याखालचा भाग पॉलिश केल्यासारखा चमकत होता. लांब पट्टा आला तो दुकानाबरोबर, आणि दुकान आले शहराबरोबर. वऱ्हाडात कापसाने आणि रेल्वेने शहरे फुगवली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावची शाखा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. दलाल, अडते, कारकून, वकील, गिरणीचे फिटर ही सगळी रोख पैसे देणारी दाढी होती. शेफील्ड आणि झोलिंगनचे वस्तरे विलायती मालाच्या पेठांतून मिळत. पण पट्टा विलायती घ्यावा असे फारच थोड्यांना परवडे. तो इथेच कापून घ्यावा लागे.

इथले चामडे म्हणजे प्रामुख्याने बाभळीचे चामडे. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत बाभळीची बने आहेत. मेळघाटातून हिरडा येई. ढोर समाजाचे कारागीर चुन्याच्या कुंडात केस काढून कातडे सालीच्या पाण्यात मुरवत. एक पद्धत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून टांगण्याची होती. पाणी आपसूक झिरपत कातड्यातून बाहेर येई. मग पिशवी उलटी टांगायची. तयार माल लालसर, घट्ट, थोडा ताठ. जोडा, मोट आणि बैलाचा साज यांसाठी तो केलेला असे, न्हाव्यासाठी नव्हे. त्यामुळे न्हाव्याला निवडावे लागे, आणि या निवडीतच त्याचे खरे कसब होते.

अकोल्याच्या जुन्या शहरातले एक वयोवृद्ध कारागीर मला म्हणाले, “पट्टा हातानं समजते, भाऊ. डोयानं पाहून घेतला त फसला मानूस.” मग त्यांनी मला हाताने समजावले. तुकडा कण्याजवळचा हवा. तिथले तंतू दाट असतात आणि चामडे ताणाखाली लांबत नाही. पोटाकडचा तुकडा स्वस्त मिळतो, पण महिन्यात मधोमध झोळ येतो. झोळात वस्तरा बुडला की चामडे धारेच्या काठाला वळसा घालते आणि धार बोथट, गोलसर होते. पिशवी टांगून कमावलेल्या कातड्याचा टाक्यांजवळचा आणि तळाचा भाग याच कारणाने टाळायचा. मग नख दाबून पाहायचे. खूण लगेच भरून आली तर चामडे जिवंत; खड्डा तसाच राहिला तर पोकळ; नखच बसले नाही तर ते सुकून लाकूड झालेले. वाकवल्यावर वरच्या पदरावर भेगा दिसल्या तर हातही लावायचा नाही. जुन्या मोटेचे चामडे जाड आणि फुकटात मिळण्याजोगे, पण पाणी आणि ऊन आलटून पालटून खाल्लेले. त्याच्या पापुद्र्यांत वाळूचे कण अडकलेले असतात, आणि एक कण वस्तऱ्याचा दिवसभराचा सत्यानाश करतो.

गाईबैलाचे की म्हशीचे? यावर मला दोन्ही शहरांत दोन मते मिळाली. माझा कल बैलाकडे आहे. म्हशीचे कातडे जाड आणि टिकाऊ, पण त्याचा पोत मोठा. गुळगुळीत व्हायला वेळ फार लागतो. युरोप-अमेरिकेत घोड्याच्या पुठ्ठ्यावरचे चामडे सर्वोत्तम मानतात. ते फार दाट असते आणि वस्तरा त्यावर जवळजवळ घसरतो. वऱ्हाडात त्या वाटेला कोणी गेल्याचे मला दिसले नाही. रुंदी अडीच-तीन इंच, म्हणजे वस्तऱ्याचे पाते एका ओढीत पूर्ण बसेल इतकी. अरुंद पट्ट्यावर वस्तरा तिरका ओढावा लागतो. लांबी हाताच्या फेकीप्रमाणे, दीड फुटाच्या पुढे. तेल? अगदी थोडे, तेही क्वचित. रोज तळहात घासला की हाताचा घाम आणि स्निग्धता पुरते.

यात एक पट्टा मात्र गावच्या चामड्याचा नव्हता. जिनिंगच्या कारखान्यांत एका लांब दांड्यावरून अनेक यंत्रे चालत, आणि दांड्यापासून यंत्रापर्यंत शक्ती नेत ते चामड्याचे पट्टे. शिवाय रोलर जिनचा रूळही चामड्याचाच. अमेरिकेत फोन्स मॅकार्थीने १८४० साली पेटंट घेतलेल्या या यंत्रात कापूस चामड्याला चिकटून आत ओढला जातो आणि सरकी मागे राहते. कारखान्यात तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा फिटरच्या ओळखीने न्हाव्याकडे येई, असे मला अमरावतीतही ऐकायला मिळाले आणि अकोल्यातही. तो तुकडा साल-कमाईचा, कण्याजवळचा आणि आधीच ताणून बसलेला, म्हणजे न्हाव्याला हवे ते तिन्ही गुण आयते. दोष एकच, त्यात मुरलेली चरबी. ती उन्हात आणि राखेत काढावी लागे. रुळाचे चामडे मात्र निरुपयोगी, कारण पुढे ते क्रोमचे झाले. क्रोम-कमाईचे पेटंट ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ साली घेतले. मद्रासेत आल्फ्रेड चॅटरटन यांनी १९०३च्या सुमारास ती आणली, आणि गंमत म्हणजे पाण्यात न कुजणाऱ्या मोटांसाठी. क्रोमचे चामडे मऊ, लवचीक, ताणले जाणारे. जोड्याला चांगले, वस्तऱ्याला वाईट. जिनिंगच्या रुळांतल्या क्रोमचा सरकीला आणि कामगारांना होणारा उपद्रव पुढे अभ्यासला गेला, आणि मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेने चामडेविरहित रूळ तयार केले, ही कथा वेगळी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. अभंगात आरसा आला, चिमटा आला, पट्टा का नाही? माझे मत असे की चामड्याचे नाव घेणेच अडचणीचे होते. गाव ज्यांना शिवत नसे अशा ढोर-चांभारांच्या हातून निघालेला पट्टा न्हाव्याच्या हातात जाई. त्यावर परजलेला वस्तरा पाटील-कुळकर्ण्यांच्या गालावर फिरे, आणि तोच न्हावी त्या पट्ट्याच्या कर्त्याची हजामत करायला नकार देई. चामडे चालत होते, माणूस चालत नव्हता. न्हाव्याला दोष देऊन हे संपत नाही. त्याने अस्पृश्याची दाढी केली असती तर गावाने त्याचे बलुते तोडले असते. हाच समाज संघटित झाला की काय करू शकतो, हे १८९० साली मुंबईत दिसले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने तिथल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. वस्तरा नाकारण्याची ताकद त्यांनी त्या वेळी योग्य ठिकाणी वापरली.

वऱ्हाडात हा प्रश्न देवळाच्या दारातून पुढे आला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली; अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. देऊळ आणि पाणवठा यांच्यावर जेवढे लिहिले गेले तेवढे हजामतीवर लिहिले गेले नाही. पण रोजच्या जगण्यात तो अपमान अधिक वेळा होई. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता अपराध कायदा लागू झाला आणि अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे गुन्हा ठरले. अकोला-अमरावती तेव्हा मध्य प्रदेशात होते. शहरातल्या सलूनने कायद्याच्या आधीच थोडे काम केले होते, कारण रोख पैसे मोजणाऱ्या अनोळखी माणसाला जात विचारणे धंद्याला परवडत नसे. खेड्यात मात्र कायद्यानंतरही बराच काळ लोक दाढीसाठी तालुक्याच्या बाजाराला जात.

पट्ट्याचा शेवट मात्र या कशाने झाला नाही. किंग कॅम्प जिलेटने १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली होती. ते पाते घरोघर गेले तरी सलूनमध्ये वस्तरा टिकून होता. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत आढळले, आणि पुढच्या दशकात ‘नवीन ब्लेड लावा’ हे वाक्य प्रत्येक खुर्चीत ऐकू येऊ लागले. वस्तरा उकळता येतो. चामडे उकळले की आक्रसून खलास होते. एका गिऱ्हाइकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत नेणारी वस्तू म्हणून पट्ट्याकडे पाहिले गेले, आणि ती शंका रास्त होती. अर्धे मोडलेले ब्लेड बसवायचा नवा उस्तरा आला. त्याला परजावे लागत नाही, गिऱ्हाईक उठले की पाते फेकायचे.

त्या अकोल्याच्या कारागिरांचा पट्टा अजून घरात खिळ्याला आहे. मी तो हातात घेऊन मोजला, रुंदी पावणेतीन इंच, लांबी एकोणीस. मधला भाग काळसर आणि आरशासारखा, कडेला दोन जुने काप, दोन्ही शिकाऊ वयातले. त्यावर ते आता नातवाचा पेन्सिलीचा चाकू परजून देतात.