भोयाच्या टोपलीतला मुसुल्ला

संगम पुलाच्या कठड्याला टेकून तुम्ही खाली बघताय. मुळा आणि मुठा इथे भेटतात. पाणी काळपट, काठाला जलपर्णी अडकलेली, वास असा की श्वास आखडतो. क्षणभर डोळे मिटा. मागच्या गाड्यांचा गोंगाट विरत जाऊ द्या.

उघडा. १८२० चं दशक सरत आलंय, पेशवाई बुडून दहाएक वर्षं झालीत. तुम्ही पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर, मुळा-मुठेच्याच काठी आहात. तळातले गोटे दिसतील इतकं नितळ पाणी. भोई जाळं ओढून टोपली तुमच्यापुढे रिकामी करतो. एक दांडगा मासा वाळूवर आपटतो. त्याचा एकेक खवला बंद्या रुपयाएवढा. खवल्यांवरून अंगठा फिरवा: डोक्यामागून शेपटीपर्यंतची ओळ पंचविशीतच संपते.

"खुद्री," भोई सांगतो.

शेजारचा गोरा साहेब तो शब्द ऐकू आला तसा वहीत उतरवतो. हा विल्यम हेन्री साइक्स. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करतोय. शेती, हवामान, पक्षी, मासे, काहीच सोडत नाही.

आता त्याच्या मागोमाग शिरूरला, घोड नदीवर चला. इथल्या भोयाच्या टोपलीतही मोठा, मिशा असलेला मासा आहे. लांबून तुम्हाला तो खुद्रीचाच भाऊ वाटेल. पण पुन्हा अंगठा फिरवा. खवले बारीक आहेत, ओळ पंचविशीला संपत नाही, पुढे चालूच राहते. भोयाला हे मोजावं लागत नाही. तो या माशाला वेगळ्या नावाने हाक मारतो: मुसुल्ला.

साइक्सने भोयांचे शब्द जपले, याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं. दख्खनच्या ४६ माशांवरचा त्याचा निबंध १८३८ मध्ये लंडनला वाचला गेला. त्यात 'बार्बस खुद्री' आणि 'बार्बस मुसुल्ला' अशी नावं आली आणि पुण्याकडची बोली प्राणिशास्त्रात कायमची जाऊन बसली. एक गोष्ट मात्र राहिली. ज्या माशांवरून ही वर्णनं झाली, ते आज कुठल्याच संग्रहालयाच्या बरणीत नाहीत. पुढे शंका आली तर काढून बघायला मूळ मासाच नाही.

शंका आलीच. १९४३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी मुसुल्ला खुद्रीसारख्या मोठ्या खवल्यांच्या माशांच्या, म्हणजे महसीरांच्या, रांगेत बसवला. मग कावेरीतल्या पाठीवर उंचवटा असलेल्या अजस्र महसीरालाही हेच नाव चिकटलं. घोड नदीचं नाव आणि कावेरीचा मासा, अशी मोट कितीतरी वर्षं बांधलेली राहिली.

आता लोणावळ्याला, १९७० च्या दशकात या. टाटांच्या वळवण तलावाकाठी खुद्रीची पिल्लं हौदांत वाढताहेत. हौदात हात घाला, बोटांना चिमुकली तोंडं लुचतील. महसीर वाचवायचे, याच कळकळीने ही पिल्लं दूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. तिथे खुद्री फोफावली आणि उंचवट्याचा मूळ रहिवासी मागे हटत गेला. तो हटतोय हे कागदावर येणार कसं? त्याला स्वतःचं धड नावच नव्हतं.

२०१३ मध्ये संशोधकांनी साइक्सचं वर्णन पुन्हा बारकाईने तपासलं आणि सांगितलं, मुसुल्ला महसीर नव्हेच, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्याच वंशातला. भोई वेगळं नाव घेत होता, ते योग्यच होतं. २०१८ मध्ये कावेरीच्या राक्षसालाही नाव सापडलं: टोर रेमादेवी. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्येच या नावाने एका माशाचं वर्णन झालं होतं, तोच हा. हे जुळवणाऱ्या २०१८ च्या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेचे नीलेश डहाणूकरही होते. नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

पुन्हा एकदा घोड नदीच्या काठी या. साइक्स वही मिटतोय. टोपलीतला मुसुल्ला अजून कल्ले हलवतोय, आणि भोई तो बाजाराला न्यायला उचलतोय. त्याचा हात धरा. म्हणावं, दादा, जरा थांबा, हा एक इथेच राहू द्या. साहेब, बरणी आहे का?