श्रद्धेचा वारसा : मराठी ख्रिस्ती आत्मकथनातील दोन पिढ्या

धर्मांतराच्या कथनांचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा ‘विच्छेद’ या एकाच कल्पनेपाशी थांबते. माणूस घर सोडतो, जातीला मुकतो, आईबापांना अंतरतो आणि नव्या समाजात नव्याने जन्म घेतो, असा हा साचा आहे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रामुळे मराठीत तो रूढ झाला, असे म्हणता येईल. परंतु पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे लेखन पालक आणि अपत्य यांच्या नात्याच्या अंगाने वाचले, तर हा साचा अपुरा ठरतो. या लेखनात तुटण्याइतकाच जोडण्याचा खटाटोप आहे.

तुलनेसाठी संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’चे उदाहरण घेता येईल. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे ऑगस्टीनने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याचा मुलगा अदेओदातुस याचाही बाप्तिस्मा झाला. त्यांच्यामागे होती ऑगस्टीनची आई मोनिका आणि तिची वर्षानुवर्षांची प्रार्थना. आजी, मुलगा, नातू असा श्रद्धेचा प्रवाह तेथे एकाच दिशेने वाहतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांच्या पहिल्या पिढीला अशी मोनिका लाभलेली नव्हती. त्यामुळे त्यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले : आईबापांच्या श्रद्धेचे काय करायचे, आणि मुलांच्या हाती काय द्यायचे?

रमाबाईंनी पहिल्या प्रश्नाचे दिलेले उत्तर त्यांच्या १९०७ च्या साक्षीत सापडते. या साक्षीत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना मोठे स्थान आहे. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात हे कुटुंब अन्नान्न झाले आणि त्यातच आईवडिलांचा अंत झाला. मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवले आणि त्याचीच सेवा करण्यास सांगितले, ही आठवण रमाबाई मोठ्या जिव्हाळ्याने नोंदवतात. पित्याची ती प्रार्थना सर्वसमर्थ देवाने ऐकली, असा त्यांचा विश्वास आहे. वडिलांचा देव आणि आपला देव यांतील अंतर त्या नाकारीत नाहीत. तरीही पित्याची अखेरची आज्ञा आपण मोडली नसून पाळली, असे त्यांचे कथन सुचवते. एका वैष्णव शास्त्र्याची प्रार्थना अशा रीतीने ख्रिस्ती साक्षीचा आरंभबिंदू ठरते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंबरोबर अवघ्या अडीच वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या तेथील त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत. हे संबोधन केवळ लडिवाळ नाही. परक्या देशात मुलीसाठी आजीचे स्थान निर्माण करण्याची धडपड त्यात दिसते. मात्र आजीबाईंचा मान ठेवूनही रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी त्यांच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी त्या प्रश्न विचारीत राहिल्या आणि मनोरमेला काय शिकवावे याबाबत आईचा अधिकार त्यांनी ठामपणे मांडला. हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो वाचताना जाणवते की, वाद वरकरणी धर्मशास्त्राचा असला, तरी त्याच्या मुळाशी मूल कोणाचे, हा प्रश्न आहे.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हेच नाते निराळ्या रीतीने प्रकटते. वडिलांच्या सोवळ्याने त्रासलेले माहेर त्या विनोदाने रंगवतात, पण त्या विनोदात सूड नाही. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लहानग्या दत्तूसह त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. वियोगाच्या काही वर्षांनंतर त्या पतीकडे परतल्या आणि पुढे १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. पतीच्या श्रद्धेचे त्यांनी अनुकरण केले नाही. स्वतःच्या अनुभवाच्या बळावर त्या तेथवर पोहोचल्या. हाच दत्तू, म्हणजे देवदत्त टिळक, पुढे वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागू लागला आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ आकारास आली. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या, तेव्हा राहिलेला भाग देवदत्तांनी पुरा केला. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ही लक्ष्मीबाईंनी पुढे नेले होते. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’च्या संपादनाची जबाबदारी उचलली. येथे मोनिकेच्या उलट घडते : मुलगा विचारतो म्हणून आई आपली श्रद्धा शब्दांत मांडते.

मात्र हा वारसा नेहमी सुखरूप पोहोचला, असे नाही. शारदा सदन आणि मुक्ती मिशनच्या कामात आईची सहकारी झालेली मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. जिच्या हाती सारे सोपवायचे, तीच आधी गेली. आयुष्याच्या उत्तरकाळात हाती घेतलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत चालवले. देण्याची वृत्ती घेणाऱ्याच्या असण्यावर अवलंबून नसते, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

म्हणून या आत्मकथनांकडे केवळ धर्मांतराचे दस्तऐवज म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. रक्ताने आलेला धर्म ज्यांनी सोडला, त्यांना पुढच्या पिढीशी असलेले नाते गृहीत धरता आले नाही; ते त्यांना लिहून मिळवावे लागले. मराठी आत्मचरित्राला या लेखनातून लाभलेला प्रांजळपणा याच गरजेतून उपजला असावा.